नायकाचं नाव

भागीरथाच्या थोरल्या नातीचं बारसं झालं ते साल १९८६. त्याच हिवाळ्यात भिलाईला, पोलादाच्या प्लांटच्या हॉलमध्ये, प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं संमेलन भरलं. भागीरथा माइकसमोर उभी होती आणि अध्यक्षांनी तिला मध्येच थांबवलं होतं.

"बाई, गोष्ट चांगली चालली आहे. पण नायकाचं नाव काय?"

"आहे नं नाव."

"मग ते वाचा की! तुमचं आपलं 'ते आले', 'ते बसले'. ज्याला नावच नाही त्याच्यावर वाचकानं प्रेम कसं करायचं?"

"वाचकानं कावून करावं? त्याची बायको आहे नं घरी."

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या रांगेतून वासंती ओरडली, "काकू, उखाण्यात घ्या नं! आमी टाळ्या वाजवतो." वासंती प्लांटमधल्या एका साहेबांची मुलगी. तिच्या गोष्टीतला विजयकुमार सकाळपासून काश्मीरच्या तळ्यात नाव वल्हवत होता. त्याचं वल्हवणं संपेना म्हणून भागीरथाची पाळी जेवणानंतर आली होती.

भागीरथा हसली नाही. उखाणा तिनं लग्नातही घेतला नव्हता. नणंदेनं दार अडवलं तेव्हा ती नव्या लुगड्यात अर्धा दिवस उंबऱ्याबाहेर बसून राहिली होती. शेवटी सासूच कंटाळली.

तिची गोष्ट लहान होती. भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या एका घरात चाळिशी उलटलेली बाई आहे, तिला अक्षर ओळखता येत नाही. नवरा भट्टीवर कामाला आहे, तिन्ही पाळ्या करतो. प्लांटमध्ये लोखंडावर खुणा करायचा पांढरा खडू असतो. त्याचा तुकडा तो खिशात घालून आणतो. कामावर जाताना स्वयंपाकघराच्या फरशीवर एक अक्षर काढून जातो. तो येईपर्यंत ती ते गिरवते. रात्रपाळी असली की अक्षर सकाळपर्यंत राहतं आणि ती त्याला वळसा घालून चालते. अशी ती वाचायला शिकते. एक दिवस तो हसत हसत स्वतःचं नाव काढतो. ती ओलं फडकं घेऊन ते लगेच पुसून टाकते, पुरतं वाचायच्या आत. तिच्या आईनं सांगितलेलं असतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. इतर बायकांचे नवरे ऑफिसात बसतात. हिचा उकळत्या लोखंडासमोर उभा राहतो.

गोष्ट तिथंच संपत होती. टाळ्या थोड्या पडल्या.

चहाच्या वेळी संमेलनाचे चिटणीस उमाकांत तिच्याकडे आले. "काकू, विशेष अंकात एक जागा उरली आहे. अध्यक्षांना तुमची गोष्ट आवडली. फक्त नाव टाका. कोणतंही चालेल. मजकूर संध्याकाळी छापखान्यात जातो."

भागीरथानं पेन घेतलं. पहिल्या ओळीत तिनं 'विजय' लिहिलं आणि मनात वाचून पाहिलं. विजय आला. विजयनं खिशातून खडू काढला. तिच्या स्वयंपाकघरात कोणी परका माणूस उकिडवा बसला होता. तिनं ते नाव खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला.

"नाही जमत, भाऊ."

"एका नावासाठी?" उमाकांत चिडले. "मग मागाहून म्हणू नका, प्लांटवाल्यांनी साहेबाच्या पोरीचंच छापलं म्हणून."

ती जागा वासंतीच्या कवितेला गेली.

भागीरथाचे यजमान पहिली पाळी करून परस्पर आले होते आणि फाटकापाशी सायकल धरून उभे होते. पायात अजून प्लांटचे बूट होते. सिविक सेंटरच्या बाजारातून त्यांनी जिलबी बांधून घेतली होती. तिचा चेहरा बघून त्यांनी पुडा हँडलवरून काढलाच नाही.

"काय झालं वं? नाही आवडली?"

"आवडली. नाव टाका म्हणे."

"मंग टाकायचं! सहा महिने लिहून राहिली तू. माह्या भाजीत मीठ नाही, वरणात हळद नाही, अन् आता एका नावापायी वापस आणली?"

"कोणाचं टाकू? त्या विजयकुमारचं? तो कोण लागून गेला माहा?"

"माहंच टाक. मी सांगून राहिलो नं. चाल, आत चाल, माह्यासमोर लिही."

भागीरथा जागची हलली नाही. कागद तिनं घडी करून पदराखाली धरले.

"उद्या तुमची पहिली पाळी आहे," ती म्हणाली.

यजमानांनी तिच्याकडे पाहिलं. मग सायकलचं स्टँड पायानं वर केलं. ती कॅरियरवर बसली. दोघं खुर्सीपारला घरी आली. जिलबी नातीच्या आईनं गरम करून पाहिली, पण तिचा लगदा झाला होता.

पुढं यजमान धडधाकट निवृत्त झाले. अंगावर भाजल्याचा एक डाग नव्हता. गोष्ट पेटीत पडून होती. सून कधीमधी म्हणायची, "आई, आता तर बाबा घरीच असतात. आता टाका." भागीरथा ऐकलं न ऐकलं करायची.

ती गोष्ट यंदा छापून आली. नायकाचं नाव पहिल्याच ओळीत आहे आणि शेवटपर्यंत आहे.

देवराव कवडूजी ढोबळे ९ फेब्रुवारी १९९३ रोजी सकाळी, खुर्सीपारच्या घरी वारले.