पोपटी जॅकेट

तुगिमान रोज पहाटे मोटारसायकलवरून जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मासळी आणायला जायचा. काळ्या शर्टात तो दिसला नाही म्हणून दोनदा ट्रक अंगावर येता येता राहिला, तेव्हा त्याची बायको रुमिनी हिनं चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जॅकेट विकत आणलं. ते पाहून सासूबाई भडकल्या.

"हिरवं घालून त्या समुद्रावर? अगं, तो समुद्राच्या राणीचा रंग! हिरव्यातला देखणा गडी दिसला की लाटेत ओढून नेते ती."

"आई, ह्यांची बेचाळिशी आली, पोट सुटलं. राणी ह्यांना कशाला नेईल?"

"माझा मुलगा आहे तो. कुणीही नेईल!"

शेवटी तोडगा निघाला. किनाऱ्याआधीच्या पुलापर्यंत जॅकेट घालायचं आणि समुद्राचा वारा लागला की काढून मासळीच्या डब्यात ठेवायचं.

आज ऊन चढलं तरी तुगिमानचा पत्ता नव्हता, फोनही लागत नव्हता. एकमेकींकडे न बघता दोघी अंगणात येरझारा घालत राहिल्या. दहाच्या सुमाराला तो मोटारसायकल ढकलत, लंगडत आला. कोपर सोललेलं, शर्ट फाटलेला. पूल ओलांडून जॅकेट काढलं आणि पुढच्याच वळणावर ट्रकनं त्याला भातखाचरात लोटलं होतं.

सासूबाईंनी डब्यातून जॅकेट काढलं, झटकलं आणि सुनेच्या हातात दिलं.


"उद्यापासून थेट समुद्रापर्यंत घालू दे त्याला. राणी निदान बघून तरी नेते."