बाबांची शिफारस

“तुम्ही मला विचारा, मी तिला सांगतो,” असं म्हणत बाबा खुर्ची ओढून कापड कारखान्याच्या मुकादमासमोर बसले. मुकादमाने मान डोलावली.

झालं, बाबांची गाडी सुटली. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस तो, गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आणि आज तर पोटच्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न! पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण हात असे चालायचे की घरात सगळे तिला ‘बडबडी’च म्हणायचे. विणकामाचा कोर्स तिने पहिल्या नंबराने पूर्ण केला होता. तरी तीन कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. “काम येईल हो, पण हिच्याशी बोलायचं कसं?” तिघांचंही एकच पालुपद. तिसऱ्या नकारानंतर बडबडीने दोन दिवस हात मांडीवरून उचलले नव्हते. म्हणून या चौथ्या ठिकाणी बाबा कंबर कसूनच आले होते. तिची प्रमाणपत्रं, तिची बक्षिसं, तिची नजर, तिचा स्वभाव, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मुकादम मान डोलावत राहिला. मग बडबडीचा अर्ज बाजूला ठेवून तो उठला आणि त्याने आतलं दार उघडलं.

बाप रे! ऐंशी माग एकदम धडधडत होते. बाबांनी कानांवर हातच ठेवले.

बडबडी मात्र डोळे विस्फारून बघत राहिली. समोरच्या बाईने दोन बोटं कातरीसारखी हलवली: धागा तुटला. पलीकडून एकाने मूठ गरगर फिरवली: सूत संपलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने डोक्यावर नसलेली टोपी चढवली: मुकादम आला, सांभाळा! या गोंगाटात कुणाचा आवाज कुणाला पोचतोय? सगळे हातांनीच बोलत होते. बडबडी खुदकन हसली. बाबांना त्यातलं ओ की ठो कळेना.

मुकादमाने तिला एका मागापाशी उभं केलं. तासाभरात ती तुटलेले धागे सांधत होती, वर चार मागांपलीकडच्या बाईची थट्टाही करत होती. ती बाई पोट धरून हसत होती. “अहो, तिला ऐकू येत नाही!” बाबा एका कामगाराच्या कानाशी ओरडले. त्याने नुसते खांदे उडवले.

शेवटी मुकादमाने बाबांकडे वळून भराभर हात हलवले. एकोणीस वर्षं जगाचं बोलणं लेकीला समजावून देणारा बाप, आज काही न कळून लेकीच्याच तोंडाकडे बघायला लागला. बडबडीने हात पुसले आणि घरच्या खुणांनी त्यांना सावकाश सांगितलं, “सोमवारपासून ये म्हणतात. आणि विचारतायत, मघाशी तुझे बाबा एवढं काय सांगत होते? तीस वर्षांत या मागांनी मुकादमांचे कान पार खाल्लेत. ते नुसती मान डोलावत होते.”

बाबांचे डोळे भरून आले. डोळे पुसतच ते फाटकापर्यंत आले, तर वॉचमनने हटकलं, “लागली का पोरगी? कुणाचा वशिला लावलात?”

बाबांनी छाती पुढे काढली.

“वशिला? अहो, सख्ख्या बापाचा एक शब्दसुद्धा कुणाला ऐकू गेला नाही!”