घाटावरची पेटी

दवाखान्यातल्या दुपारच्या झोपेतून शाल्मली जागी झाली, तेव्हा तिच्या पायांतल्या मुंग्या गेल्या होत्या. बोटं मात्र तशीच बधिर. डॉ. विदुला कानिटकर वैतागल्या. शाल्मलीचा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार अगदी सुरुवातीलाच सापडला होता. स्वप्नात जो अवयव हलेल, त्याच्या मज्जातंतूंवरचं झिजलेलं आवरण आता भरून आणता येत होतं; म्हणून त्यांनी या पेटीवादक मुलीला रोज पेटी वाजवण्याचं स्वप्न दिलं होतं.

“आजही पेटी सोडून भटकलीस ना? अशानं बोटं कायमची जातील गं!”

“नदीवर गेले, मॅडम.” शाल्मली ओशाळली. “बाबा गेल्यापासून तिथंच भेटतात. आम्ही नुसते चालत राहतो, आणि पाणीही आमच्याबरोबर चालतं.”

ती नदी पुसून टाकणं एका बटणाचं काम होतं. विदुलाताईंनी बोट बटणापर्यंत नेलं आणि त्या थबकल्या.

“तुला पेटी कोणी शिकवली?”

“बाबांनीच. माझी बोटं धरून.”

विदुलाताईंनी हात मागे घेतला. उद्याच्या स्वप्नात त्यांनी नदी तशीच वाहू दिली. फक्त घाटाच्या पायरीवर दोघांना पुरेल एवढी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर पेटी ठेवली.