पेटीतला माइक

पेटीचं झाकण पडलं, कडी लागली, आणि साउंडवाल्या काकांनी हेडफोन कानांवर नीट बसवला. खिडकीबाहेर सीनमधल्या वादळासाठी लावलेला मोठा पंखा ट्रकसारखा घरघरत होता. खोलीत शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला कळत नव्हतं. हेडफोनमध्ये मात्र पंख्याचा मागमूस नव्हता.

निर्मात्याने आजच आणलेल्या मशीनची ही करामत. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं आपोआप पुसून टाकायचं. काकांची हत्यारं म्हणजे रंगाऱ्याच्या काठीला बांधलेला माइक आणि त्यावर वारा अडवायला चढवलेला लोकरी पायमोजा. सकाळी दिग्दर्शक त्या काठीकडे बघून म्हणाला होता, "काका, आता हिच्यावर कपडे वाळत घाला." सगळे हसले. काकाही हसले, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यामुळेच की काय, पेटीच्या आतली तयारी त्यांनी कुणाला हात लावू न देता केली. रिकाम्या लाकडात आवाज घुमतो, म्हणून आतून चारही बाजूंना जुनी रजई ठोकली. झाकणाला आतून छोटा माइक चिकटवला. पेटीत लपणारी नटी अगदी नवखी होती. तिला त्यांनी समजावलं, "गुदमरल्यासारखं वाटलं तर झाकणावर तीन ठोके मार. या पंख्यात बाकी कुणाला ऐकू नाही आले, तरी मला येतील."

टेक सुरू झाला. आतून तिची दोन वाक्यं आली, कुजबुजलेली, पण कानाशी तोंड लावून बोलावं इतकी स्वच्छ. यापुढे तिने गप्प राहायचं होतं आणि खलनायक खोलीभर तिला शोधत फिरणार होता. ती गप्प झाली. श्वाससुद्धा ऐकू येईना. पोरगी तयारीची आहे, काकांच्या मनात आलं. मशीनबद्दलही त्यांना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मग त्यांची नजर रेकॉर्डरवरच्या हिरव्या पट्टीकडे गेली. माइकमधून जे येतं ते मशीनने पुसण्याआधी त्या पट्टीवर दिसतं. ती उड्या मारत होती. पंख्यामुळे असती तर एकसारखी उडत राहिली असती. ही तीनदा उडायची, थांबायची, पुन्हा तीनदा उडायची. कानांत मात्र ठार शांतता.

ते ठोके होते, हाक मारण्याइतका दम तिच्यात उरला नसावा, आणि मशीन ते ठोके कचरा समजून फेकून देत होतं. त्याच क्षणी त्यांना दुसरी गोष्ट उमगली. हवेसाठी सुताराने मागच्या फळीला भोकं पाडली होती आणि ती त्यांच्याच रजईने बुजली होती.

"कट!" ते ओरडले. कट म्हणायचा हक्क दिग्दर्शकाचा. पण पंख्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. हेडफोनची वायर ओढत ते कॅमेऱ्यासमोरून धावले, खलनायकाला ढकललं आणि कडी काढली.

नटी घामाने निथळत बाहेर आली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. ती नुसती तोंड उघडून हवा घेत राहिली. बोटांचे सांधे लालभडक झाले होते. श्वास जरा जागेवर आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, मला ऐकू येतील."

काकांना मशीनकडे बोट दाखवता आलं असतं. पण रजई ठोकणारे हात त्यांचेच होते. शरमेने त्यांची मान वर होईना.

अर्ध्या तासाने दिग्दर्शक म्हणाला, "ऊन उतरायच्या आत आणखी एकदाच. जमेल ना?" नवख्या मुलीला नाही म्हणण्याची सोय नसते. तिने मान हलवली. काकांनी रजई टराटरा ओढून काढली, एकेका भोकातून बोट घालून पाहिलं, कडी अडकवायची नाही, नुसती टेकवायची, असं झाकण लावणाऱ्याला दोनदा बजावलं. मग मशीनची वायर उपटली.

"अहो, आवाजात पंखा येईल," दिग्दर्शक वैतागला.

"येऊ दे," काका म्हणाले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने पेटीला खेटून जमिनीवर बसले.

या वेळी हेडफोनमध्ये सगळंच आलं. पंखा, लाकडाचा घुमारा, कपड्यांची सळसळ आणि तिचा भेदरलेला, तुटक श्वास. तिची दोन वाक्यं झाली. थोडा वेळ गेला. मग संहितेत कुठेच नसलेलं, अगदी हळू आवाजात: "काका, आहात ना?"

टेक चालू असताना साउंडवाल्याने शिंकसुद्धा गिळायची असते. काकांनी जन्मभर गिळली होती, दुसऱ्यांच्या खोकल्यावरून भल्याभल्यांना झापलं होतं.

"आहे," ते पंख्याच्या वर आवाज चढवून ओरडले. "आहे गं, इथेच बसलोय."

दिग्दर्शकाला ते त्याच्या हेडफोनमध्ये ऐकू गेलं. त्याने कट केलं. पंखा थांबला. "कोण बोललं मध्येच?"

"मी," काका म्हणाले. "पुढच्या टेकलाही बोलणार आहे. ती जितक्यांदा विचारेल तितक्यांदा."