खोडलेलं नाव

"अहो, आजवर एकाच्या तरी कार्डाला तुम्ही चांगलं म्हणालात का?"

आयलाने विचारून टाकलं आणि मागे वळून पाहिलं. हॉट डॉगच्या रांगेत ट्रिना आणि जोडी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्याच म्हणाल्या होत्या. अ‍ॅश्टाब्युला गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये दर शनिवारी जुन्या कार्डांच्या खरेदी-विक्रीचं टेबल मांडणाऱ्या ब्रॅनिगनला असलं काही विचारायची कुणाची टाप नव्हती.

ब्रॅनिगनने डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. "दोनदा," तो म्हणाला. "दोन्ही वेळा पस्तावलो. बस, पोरी."

आई-बाबाही शेजारी बसले आणि बाबांनी सिगारचा डबा पुढे सरकवला. आजोबा हिवाळ्यात गेले, त्यांच्या कपाटात हा सापडला होता. आत १९५१ सालची, खेळाडूंचे फोटो छापलेली बेसबॉलची कार्डं. ती विकून आयलाने उन्हाळी सॉफ्टबॉल कॅम्पला जायचं, असं घरी ठरलं होतं; बाबांनी ब्रॅनिगनला तसं सांगितलंही. अख्ख्या काउंटीतून दोघींनाच बोलावणं आलं होतं. गेला आठवडाभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"कोपरे बघा, कसे धारदार," ब्रॅनिगन पुटपुटला. मग त्याने एकेक कार्ड उजेडात धरलं, आणि त्याचा चेहरा पडत गेला.

प्रत्येक कार्डावर टीमचं छापील नाव पट्टीने सरळ रेघ मारून खोडलेलं होतं. खाली निळ्या शाईत दुसरं नाव. क्लीव्हलंड खोडून शिकागो. शिकागो खोडून बॉस्टन.

"खेळाडू दुसऱ्या टीमला गेला, की त्याच दिवशी कार्ड दुरुस्त," तो म्हणाला. "तेव्हाची शहाणी पोरं हेच करायची. वांड पोरांनी चुरगळली, ह्यांनी सुधारली."

"म्हणजे किंमत?" आईने विचारलं.

"शाई लागली की संपलं, बाई. काही न करता ठेवली असती तर आज तुम्ही माझ्याकडे नाही, मोठ्या लिलावात गेला असता."

तळाशी एक कार्ड उरलं होतं, ते आयलानेच उचलून दिलं.

ते छापलेलं नव्हतं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेलं होतं. वर फोटो चिकटवलेला: एकोणीसेक वर्षांचा मुलगा, खांद्यावर बॅट. टोइवो लाहती, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. टीम: हार्बर. तेही पट्टीने खोडलेलं. खाली लिहिलं होतं, आर्मी.

आर्मीही खोडलेलं होतं. पण पट्टीने नाही. निबाने पुठ्ठा फाटेपर्यंत. त्याखाली काहीच नव्हतं.

"कोण हा?" आयलाने विचारलं.

"माझे काका," बाबा म्हणाले. "वडिलांचे थोरले भाऊ. कोरियाच्या युद्धावर गेले होते. आमच्या घरात त्यांचं नाव निघायचं नाही."

"आले नाहीत?"

"सापडलेच नाहीत."

ब्रॅनिगनने भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग खाकरला. "खोटं कशाला बोलू? हातानं केलेल्या कार्डांना आता गिऱ्हाईक आहे. बाकीची घरी न्या. पण ह्या एकावर पोरीच्या कॅम्पचा खर्च निघेल."

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांनी आयलाकडे पाहिलं.

"कोण घेईल हे?" आयलाने विचारलं.

"कुणीही. काय सांगावं. टेक्सासचा असेल, जपानचा असेल."

तिने फाटलेल्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला, खालच्या कोऱ्या जागेपर्यंत. मग कार्ड डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"आई, बाबा, मी कॅम्पला जात नाहीये," ती म्हणाली. "टोइवो आजोबांना आता आणखी कुठल्या टीमला द्यायचं नाही."