नऊ मीटरवरचा गजरा

तंजावूरबाहेरची ही खडीची खाण पाण्याने भरलेली असायची, तेव्हा माझी बहीण शांभवी तिच्यात बुडाली. ती सापडलीच नाही. पुढे भराव टाकून खाण बुजवली. आता इथे इमारत व्हायची आहे, आणि जमीन तपासायला इंजिनिअर म्हणून नेमका मीच आलोय.

नऊ मीटर खोलीवरून मातीच्या नमुन्याची नळी वर आली. खोदयंत्रावरच्या सुब्रमण्यमने ती उघडली.

"सार, फुलं."

मातीऐवजी मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा होता. ताजा, ओला, लाल दोऱ्यात गुंफलेला.

आई अजून रोज सकाळी शांभवीसाठी असाच गजरा गुंफून खुंटीला अडकवते. मी फोन केला.

"आई, आजचा गजरा खुंटीवर आहे?"

"नाही रे," आई म्हणाली. "दुपारपर्यंत कधी राहिलाय? ती रोज घेऊन जाते."