चेटकिणीचे चोवीस

"चोवीस जमव, नाहीतर तुझी चेटकीण गेली!" राक्षसाच्या बाजूने खेळणारा अन्वय गरजला.

फासे पडले होते एक, तीन, चार आणि सहा. प्रत्येक आकडा एकदाच वापरून, कशीही आकडेमोड करून चोवीस आले, तरच केतकीचा मंत्र चालणार होता. तेवीस येत होते, पंचवीस येत होते, चोवीस काही येईनात. घड्याळात चिमूटभरच वाळू उरली.

स्वयंपाकघरातून अन्वयच्या आईची हाक आली, "अरे, पाऊण वाजला! जेवायचं नाही का?"

केतकी ताडकन उठली. "पाऊण! तीन भागिले चार म्हणजे पाऊण! एकातून पाऊण गेला, उरला पाव. सहात किती पाव? चोवीस!"

एकच कल्ला झाला. वरणाचा डाव हातात घेऊनच काकू धावत आल्या.

"काकू, तुम्ही राक्षस मारलात!"

"मेला ना एकदाचा? मग हात धुऊन पानांवर बसा."